तळव्यावरचा काळा डाग: मेलॅनोमाचे प्रकार आणि त्यांचं भवितव्य

मेलॅनोमा इंटरनेटवर शोधला की पहिला फोटो येतो तो गोऱ्या पाठीवरच्या, वेड्यावाकड्या कडांच्या तिळाचा. सोबत ऊन, समुद्रकिनारा आणि सनस्क्रीनची बाटली. फोटो खोटा नाही, पण ती पाठ ऑस्ट्रेलियातली आहे. आपल्याकडे हा आजार शोधायचा तर पेशंटला आधी चपला काढायला सांगाव्या लागतात, मोजे उतरवायला लावावे लागतात आणि नेलपॉलिश पुसायला लावावं लागतं. यातलं काहीच सहसा होत नाही, आणि तिथेच वर्ष-दीड वर्ष निघून जातं.

भारतात त्वचेचा मेलॅनोमा वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी माणसांना होतो; ऑस्ट्रेलियात लाखात तीसहून जास्त लोकांना. मुंबईत कर्करोगाची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केली, आणि त्या यादीत मेलॅनोमा तळाकडेच सापडतो. दुर्मीळ आजाराची पंचाईत अशी की गल्लीतल्या डॉक्टरने तो अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एकदा पाहिलेला असतो, किंवा पाहूनही ओळखलेला नसतो.

हा कर्करोग मेलॅनोसाइट या रंग बनवणाऱ्या पेशींचा. गोऱ्या आणि सावळ्या कातडीत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात, एवढाच फरक. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हातली अतिनील किरणं अडवतं, म्हणून उन्हामुळे होणारे मेलॅनोमा आपल्यात फार कमी. पण तळवे, नखं, तोंड, नाक, गुदद्वार इथल्या मेलॅनोमाचं उन्हाशी फारसं देणंघेणं नाही. ते सगळ्या वर्णांच्या माणसांत साधारण सारख्याच दराने होतात. 'सावळ्यांना तळपायाचा मेलॅनोमा जास्त होतो' हे वाक्य म्हणून थोडं फसवं आहे. तो तेवढाच होतो. बाकीचे फारसे होत नाहीत, त्यामुळे आपल्या यादीत त्याचा वाटा मोठा दिसतो.

पुस्तकांत त्वचेच्या मेलॅनोमाचे चार मुख्य प्रकार दिलेले असतात. पसरट, गाठीचा, लेंटिगो मॅलिग्ना आणि हातापायांच्या टोकांचा, ज्याला डॉक्टर ॲक्रल म्हणतात. या वर्गीकरणामागे एकच साधा प्रश्न आहे: गाठ आडवी किती काळ पसरते आणि खाली कधी उतरते? आडवी पसरत असताना ती त्वचेच्या वरच्या थरातच असते. तिथे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) नाहीत, त्यामुळे तिला बाहेर जायला रस्ता नसतो. खाली उतरली की रस्ता सापडतो.

पसरट प्रकार गोऱ्या लोकांत सगळ्यांत जास्त, साठ ते सत्तर टक्के. पुरुषांत पाठ, बायकांत पोटऱ्या ही त्याची नेहमीची जागा. महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं तो आडवा पसरतो, म्हणून लवकर सापडण्याची संधी चांगली. ए-बी-सी-डी-ई हा नियम (आकार बेढब, कडा खडबडीत, रंग एकाहून जास्त, व्यास ६ मिमीच्या वर, आणि बदल) मुळात याच प्रकारावर बेतलेला आहे. बाकी तिघांना तो अर्धवटच लागू पडतो, हे पोस्टरवर कुणी लिहीत नाही.

गाठीचा प्रकार त्या नियमाला सरळ चकवतो. त्याला आडवा पसरण्याचा काळ जवळजवळ नसतोच. पहिल्यापासून खाली जातो. गोलसर, गुळगुळीत, एकाच रंगाची गाठ, कधी काळी-निळी, कधी चक्क गुलाबी. ६ मिमी होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. इथे बघायचं ते एवढंच: उंचवटा आहे, दाबल्यावर टणक लागतो, आणि महिनाभर सतत वाढतो आहे. तिन्ही खरं असेल तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचं नाही.

लेंटिगो मॅलिग्ना म्हाताऱ्या माणसांच्या उन्हाने जुनावलेल्या चेहऱ्यावर येतो. गालावर किंवा नाकावर सपाट तपकिरी चट्टा, वर्षानुवर्षं सावकाश पसरणारा. खाली उतरायला त्याला दहा-वीस वर्षंही लागतात आणि बहुतेक चट्टे उतरतही नाहीत. आपल्याकडे गालावरचा तपकिरी डाग म्हणजे बहुधा वांग किंवा वयाचा खरखरीत मस. मात्र एका बाजूलाच असलेला, रंगांत असमान, हळूहळू मोठा होणारा डाग डर्मोस्कोपने (त्वचा बघायच्या दिव्याच्या भिंगाने) न बघता लेसरने जाळू नये. रंग जातो, पेशी राहतात, आणि पुढे बायोप्सी केली तर पॅथॉलॉजिस्टला व्रणातून वाट काढत बसावं लागतं.

आता तळपाय.

ॲक्रल मेलॅनोमा तळवे आणि नखांखाली होतो, हातांपेक्षा पायांना बराच जास्त. पायातही टाच आणि चवडा, म्हणजे जिथे भार पडतो तिथे. सुरुवात सपाट, तपकिरी-काळ्या, शाई सांडल्यासारख्या डागाने होते. तळव्याची कातडी जाड असल्यामुळे गाठ खाली उतरली तरी वरून बराच काळ सपाटच वाटते. हीच या प्रकाराची मोठी खोडी: डोळ्यांना उथळ दिसणारा डाग रिपोर्टमध्ये ३ मिमी खोल निघतो.

तो चुकतो कशाकशात? भोवरीत, म्हणजे कुरूपात. चामखिळीत. मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमेत. पावसाळ्यातल्या चिखल्यांत. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलची दुखापत मानला गेला होता. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. आपल्याकडची चाल ठरलेली आहे: केमिस्टकडून कॉर्न कॅप आणायची, सॅलिसिलिक ॲसिडने वरची कातडी सोलायची, नाही गेलं तर ब्लेडने खरवडायचं. वेगळं ओळखायच्या खुणा मात्र आहेत. भोवरीची वरची कातडी तज्ज्ञाने तासली की आत अर्धपारदर्शक, मेणासारखा गाभा दिसतो. चामखीळ तासली की बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्यांतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतं. धावणाऱ्यांच्या किंवा कबड्डी खेळणाऱ्यांच्या टाचेवर घर्षणाने रक्त साकळून काळा पट्टा येतो, तो वरच्या मेलेल्या कातडीतच असतो, तासला की निघून जातो. बिब्बा लावल्याचा डागही काळाकुट्ट दिसतो, पण तो काही आठवड्यांत सालपटासकट झडतो. यांपैकी काहीच झालं नाही आणि रंग खाली तसाच आहे, तर तासणं थांबवायचं.

डर्मोस्कोप हे टॉर्च लावलेलं भिंग, पण तळव्यावर त्याची किंमत फार. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात: उंचवटे आणि खाचा. साध्या तिळात रंग खाचांत बसतो, मेलॅनोमात उंचवट्यांवर. जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी हे नीट मांडलं आणि आज जगभर तेच वापरतात. कुठलं काय हे कळेनासं झालं की एक युक्ती आहे: डागावर पेनची शाई लावायची आणि पुसून टाकायची. शाई खाचांतच राहते. आता मूळ रंग शाईच्या जागीच आहे की मधल्या पट्ट्यांवर, एवढंच बघायचं. उंचवट्यांवर असेल तर बायोप्सी. व्यास ७ मिमीच्या वर असेल आणि खाचांचा नेहमीचा साधा नमुना दिसत नसेल, तरीही बायोप्सी. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या तळव्यांवर फिकट तपकिरी ठिपके सहज असतात, दोन्ही पायांवर, पुष्कळ. त्यांना घाबरायचं कारण नाही. त्यांच्यात वेगळाच दिसणारा एकटा डाग मात्र सोडायचा नाही.

नखाचं प्रकरण आणखी चकवणारं. नखावर मुळापासून टोकापर्यंत जाणारी उभी काळी-तपकिरी रेघ सावळ्या माणसांत अगदी सामान्य आहे, बहुधा अनेक नखांवर आणि वयाबरोबर वाढणारी. काही औषधांनी येते, केमोथेरपीने येते. बी-१२ कमी असलं तरी नखं आणि बोटांची पेरं काळवंडतात, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ते बघायला मिळतंच. एवढ्या गर्दीत संशयित रेघ कशी ओळखायची? एकाच नखावर, बहुधा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या. मोठ्या वयात नव्याने आलेली. ३ मिमीहून रुंद, किंवा रुंद होत चाललेली. मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक असेल तर ती जलद वाढते आहे असा अर्थ, कारण मुळाकडचं नख नवं असतं. कडा पुसट, छटा वेगवेगळ्या, नख चिरलेलं. आणि रंग नखाबाहेर सांडून शेजारच्या कातडीवर आला असेल तर त्याला हचिन्सनची खूण म्हणतात. जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जनने १८८६ मध्येच तिचं वर्णन केलं होतं. एक सावधगिरी: नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी पारदर्शक असते, तिच्यातून खालची रेघ दिसते आणि खूण नसताना आहेसं वाटतं.

लोकलच्या गर्दीत कुणाचा तरी बूट अंगठ्यावर पडला आणि नखाखाली रक्त साकळलं, हेही रोजचंच. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नखाची चंद्रकोर सोडतं. डागाच्या मागच्या कडेला नखावर फाइलने हलकी खूण करा, प्रकाश आणि अंतर तेच ठेवून फोटो काढा, महिन्याने परत काढा. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिमी वाढतं, पायाचं दीड मिमीच्या आसपास. पायाचं अख्खं नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. खूण आणि डाग बरोबरीने पुढे गेले तर रक्त. खूण पुढे गेली आणि डाग मुळाला चिकटून राहिला, तर ते रक्त नाही. मात्र गाठीतूनही रक्त येऊ शकतं, म्हणून मार न लागता पुन्हापुन्हा साकळणारं रक्त या कसोटीवर सोडून देऊ नये.

आणि रंगच नसला तर? काही मेलॅनोमा रंग बनवतच नाहीत. नखाच्या कडेला लालसर, ओलं, सहज रक्त येणारं मांस वाढतं. ते नखुरडं म्हणून कापलं जातं, नख उपटलं जातं आणि तुकडा बादलीत जातो. कुठल्याही कारणाने नखाखालचं मांस काढलं तर तो तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकून तपासायला पाठवायलाच हवा. ऑपरेशनआधी 'हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवणार ना?' एवढं विचारलं तरी पुरे.

अंतस्त्वचेचे मेलॅनोमा त्वचेच्या यादीत मोडत नाहीत, पण आपल्याकडे त्यांना वगळून चालत नाही. गुदद्वाराचा मेलॅनोमा मूळव्याध म्हणून महिनोन्‌महिने सांभाळला जातो, नाकातला एका बाजूच्या घोळण्याच्या रूपात येतो, टाळूवरचा काळा डाग तंबाखूच्या खाती जमा होतो. या जागा स्वतःला दिसत नाहीत, म्हणून ते उशिरा सापडतात आणि त्यांचं भवितव्य त्वचेच्या सगळ्या प्रकारांपेक्षा वाईट असतं. मूळव्याधीच्या ऑपरेशनचा तुकडासुद्धा तपासायला पाठवायचा, तो यासाठीच. डोळ्यातला मेलॅनोमा हा तर वेगळाच आजार, यकृताकडे जाणारा. तो इथे सोडून देतो.

बायोप्सीत काय चुकतं? वरवर खरवडून घेतलेला तुकडा ही पहिली चूक, कारण मग खोली मोजता येत नाही आणि रिपोर्टवर 'किमान' असा शब्द येतो. लहान डाग असेल तर १ ते ३ मिमी कड ठेवून, खालच्या चरबीपर्यंत अख्खाच काढावा. तळव्यावरचा मोठा डाग अख्खा काढणं शक्य नसतं. तिथे सगळ्यांत जाड किंवा सगळ्यांत काळ्या भागातून पंच (गोल पात्याने कापलेला खोल तुकडा) घ्यायचा, एकाहून जास्त घेतले तर उत्तम. नखाची बायोप्सी नखाच्या मुळातून, जिथे रेघ सुरू होते तिथून घ्यायची. नखाचा तुकडा कापून पाठवण्याने निदान होत नाही. सुरुवातीलाच रुंद कड घेऊन डाग काढून टाकण्याची घाईही नको. त्याने लसिकेचा मूळ मार्ग बदलतो आणि पुढची पहिल्या ग्रंथीची, म्हणजे गाठीकडची लसिका सगळ्यांत आधी जिथे पोचते त्या लसिकाग्रंथीची, तपासणी भरवशाची राहत नाही.

रिपोर्ट हातात आला की सगळे प्रकाराचं नाव बघतात. मी म्हणेन, आधी आकडा बघा. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं की गाठ किती मिलिमीटर खोल आहे, यावर पुढचं सगळ्यांत जास्त अवलंबून असतं. मोजमाप वरच्या दाणेदार थरापासून सर्वांत खोल पेशीपर्यंत; तळव्यावरचा जाड मेलेला थर त्यात धरत नाहीत. जाडीचे गट असे: १ मिमीपर्यंत, १ ते २, २ ते ४, आणि ४ च्या वर. ०.८ मिमी हीदेखील महत्त्वाची रेघ आहे, त्याखाली आणि व्रण नसेल तर धोका फारच कमी. व्रण म्हणजे वरचा थर तुटलेला. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो, आणि असेल तर गाठ त्याच जाडीच्या वरच्या दर्जात जाते.

कर्करोगाच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन संयुक्त समितीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत पाच वर्षांत मेलॅनोमाने मृत्यू न होण्याचं प्रमाण असं आहे: सर्वांत पातळ गाठींत ९९ टक्के, जाड आणि व्रण असलेल्या पण ग्रंथींत न पसरलेल्या गाठींत ८२ टक्के, तिसऱ्या स्टेजमध्ये, म्हणजे आजार जवळच्या ग्रंथींत किंवा त्यांच्या वाटेवर पोचला असताना, मात्र ९३ पासून ३२ टक्क्यांपर्यंत. तिसऱ्या स्टेजचा हा पल्ला बघा. पातळ गाठ आणि एखाद्या ग्रंथीत मोजक्या पेशी असलेला पेशंट, ग्रंथी स्वच्छ पण ५ मिमीची व्रण पडलेली गाठ असलेल्या पेशंटपेक्षा चांगल्या स्थितीत असतो. 'तिसरी स्टेज' ऐकून घरात जी रडारड होते ती पुष्कळदा अकाली असते.

मग प्रकाराच्या नावाला अर्थ किती? जाडी सारखी धरली तर पसरट, गाठीचा आणि लेंटिगो यांच्यातला बराचसा फरक विरून जातो. गाठीचा वाईट दिसतो तो मुख्यतः सापडतानाच जाड असतो म्हणून. ॲक्रलचं तसं नाही. अमेरिकेतल्या नोंदींवरच्या २००९ च्या अभ्यासात पाच वर्षांचं प्रमाण ॲक्रलमध्ये ८० टक्के आणि त्वचेच्या सगळ्या मेलॅनोमांत मिळून ९१ टक्के होतं. उशिरा निदान हे त्याचं मोठं कारण, पण तेवढंच नाही. या गाठीची जडणघडण वेगळी आहे. उन्हाच्या मेलॅनोमात जनुकांत हजारो बदल असतात, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो परका म्हणून ओळखता येतो. ॲक्रलमध्ये असे बदल कमी आणि गुणसूत्रांची मोडतोड जास्त.

औषधं निवडताना हे सगळं पुढ्यात येतं. बीआरएएफ जनुकातला बदल उन्हाच्या मेलॅनोमांत साधारण निम्म्यांत सापडतो, ॲक्रलमध्ये पाचातल्या एकात किंवा त्याहून कमी. म्हणजे त्यावरच्या गोळ्या बहुतेक ॲक्रल पेशंटना लागूच नाहीत. किट जनुकातला बदल ॲक्रल आणि अंतस्त्वचेच्या गाठींत १० ते २० टक्क्यांत मिळतो. त्यांतल्या काहींना इमॅटिनिब चालतं. रक्ताच्या कर्करोगामुळे ते भारतात जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतं, म्हणून ही चाचणी करून घेण्यात शहाणपण आहे. प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं, ज्यांच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ती ॲक्रलमध्ये चालतात, पण कमी जणांत आणि कमी काळ. त्यांचा खर्च लाखांत जातो. सुरू करण्याआधी हा फरक डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवा आणि घरच्यांनी विचारायला हवा. याच्या उलट टोकाला डेस्मोप्लास्टिक हा दुर्मीळ प्रकार. जुन्या जखमेच्या वणासारखा टणक, बिनरंगाचा, म्हाताऱ्यांच्या डोक्या-मानेवर. ग्रंथींत फारसा जात नाही आणि प्रतिकारशक्तीच्या त्याच औषधांना उत्तम दाद देतो. त्याचं निदान हुकतं ते प्रयोगशाळेत: मेलॅन-ए आणि एचएमबी-४५ हे मेलॅनोमा ओळखायला तुकड्यावर लावायचे रंग बहुधा लागत नाहीत, एस-१०० आणि सॉक्स-१० लागतात.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवती किती कातडी काढायची, हेही जाडीवरच ठरतं. १ मिमीपर्यंत १ सेंटिमीटर, २ मिमीच्या वर २ सेंटिमीटर, मधल्यांना १ ते २. टाचेवर २ सेंटिमीटर म्हणजे टाके घालून जखम मिटत नाही. कातडी लावावी लागते आणि काही आठवडे पाय टेकता येत नाही. ज्याची नोकरी डोंबिवलीहून लोकल पकडून करायची आहे, त्याने हे हिशोबात धरून रजा मागावी. नखाची गाठ वरच्या थरातच असेल तर नखाचा अख्खा भाग काढून बोट वाचवता येतं. खाली उतरली असेल तर बोटाचं शेवटचं पेर जाण्याची तयारी ठेवावी लागते. १ मिमीच्या वरच्या गाठीत त्याच ऑपरेशनमध्ये जांघेतली किंवा काखेतली पहिली ग्रंथी काढून तपासतात, ०.८ ते १ मिमीत, किंवा पातळ पण व्रण असलेल्या गाठीत, ही तपासणी करायची का ते बोलून ठरवतात. ती ग्रंथी बाधित निघाली तरी आता सगळ्या ग्रंथी सरसकट उपसून काढत नाहीत. २०१७ च्या मोठ्या चाचणीत त्याने आयुष्य वाढलं नाही, पाय सुजणं मात्र वाढलं.

दुसरं मत घ्यायला परळला टाटा मेमोरियलमध्ये किंवा आणखी कुठे जाल, तेव्हा फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका. पहिल्या प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक (ज्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो) आणि स्लाइड लेखी अर्ज करून घ्या. नसतील तर फेरी फुकट जाते. ब्लॉक सापडला नाही तर जनुकांची चाचणीही अडते.

ऑपरेशननंतर दर महिन्याला एकदा, आंघोळीच्या वेळी साबणाचा हात असताना, ऑपरेशनच्या जागेपासून पोटरी, गुडघ्यामागे, मांडी असं करत जांघेपर्यंत हात फिरवायचा. आजार परतला तर मिऱ्याएवढे काळे किंवा कातडीच्याच रंगाचे टणक दाणे त्या वाटेवर येतात, आणि ॲक्रलमध्ये ते जास्त येतात. जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागली, पायाला जखम नाही आणि दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. पहिली दोन-तीन वर्षं तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी असते. दाणे येतात ते बहुधा मधल्या काळात.